चरणीचें बकरें, मंद आंचेवरचे पाय आणि गांवचें गायरान

मटण महाग झालें आणि त्याची पूर्वींची चव गेली, ही तक्रार आपल्या जिल्ह्यांत आतां इतकी सर्वसाधारण झाली आहे कीं, चार शेतकरी एकत्र बसले असतां पाऊसपाण्याच्या गोष्टी संपतांच ती निघावयाचीच. २०१९ सालच्या अखेरीस तर कोल्हापूर शहरांत दरावरून गिऱ्हाईक व विक्रेते यांच्यांत मोठी तेढ पडून कांहीं दिवस दुकानेंही बंद राहिलीं. त्या वेळीं पुष्कळ लिहिलें व बोललें गेलें. परंतु बकरें खातें काय, चरतें कोठें, आणि त्याच्या चरण्याची जागा कोणीं घेतली, ह्या प्रश्नांना कोणीं हात घातला नाहीं. ते प्रश्न ह्या मासिकाच्या वाचकांचे आहेत, कारण त्यांचें उत्तर शहरांतल्या दुकानांत नसून आपल्या बांधावर आहे. म्हणून त्यासंबंधीं आमचें मत येथें मांडण्याचें योजिलें आहे.

आरंभीं एक खुलासा. आपल्याकडे मेंढरांनाही बकरींच म्हणण्याची रीत आहे. पुढील मजकुरांत बकरें म्हणजे मेंढरूं समजावें. शेळीच्या नरास आम्ही बोकड म्हणूं.

जनावराच्या ज्या भागांना काम फार पडतें ते भाग शिजण्यास चिवट आणि शिजल्यावर सर्वांत रुचकर, हा अनुभव जगभरचा आहे. स्पेन देशांत बैलाचें शेपूट घरोघरीं मंद आंचेवर शिजवितात. जमेका बेटांत तें पावट्यासारख्या दाण्यांबरोबर शिजतें. कोरियांत त्याचें पांढरें, दाट सार करतात. एके काळीं हें गरिबाचें खाणें होतें, कारण तो भाग कोणी श्रीमंत विचारीत नसे. आज तेंच शेपूट कुरणावर वाढलेल्या जनावराचें असलें म्हणजे तिकडे चढ्या दरानें जातें. आपल्या वाचकांपैकीं बहुतेकांस गोवंशाचें मांस रीतीनें वर्ज्य आहे; कायद्यानेंही आपल्या राज्यांत १९७६ च्या अधिनियमानें गाईच्या, आणि २०१५ सालीं अमलांत आलेल्या दुरुस्तीनें बैल व वळू यांच्याही कत्तलीस मनाई आहे. तेव्हां शेपटाची गोष्ट येथेंच सोडून देऊं. पण तिच्यामागचा न्याय आपल्या बकऱ्याच्या पायांस, मुंडीस आणि नळीस तंतोतंत लागू पडतो.

त्यांत गूढ असें कांहीं नाहीं. स्नायूस हाडाशीं बांधणारें जें पांढरें, चिवट जाळें असतें, तें मुख्यत्वें कोलॅजेन नांवाच्या द्रव्याचें असतें. साठ-सत्तर अंश सेंटिग्रेडच्या पुढें तें पाण्यांत हळूहळू सुटूं लागतें आणि त्याचें जिलेटिन बनतें. पायांचा रस्सा निवला म्हणजे वडीसारखा गोठतो आणि खातांना ओठ ओठांस चिकटतात, ते ह्या जिलेटिनमुळें. हें काम आंचेच्या जोरानें होत नाहीं, वेळानें होतें. ढणढणत्या जाळावर मांसाचे तंतू आवळले जाऊन त्यांतील रस बाहेर पडतो, आणि हाडाजवळची शीर मात्र तशीच करकरीत राहते. जनावराचें वय वाढतें आणि चालणें वाढतें तसें हें जाळें अधिक पक्कें होतें. दिवसभर माळ पालथा घालणारें बकरें आणि गोठ्यांत बांधून पेंड-मका चारून लौकर तयार केलेला बोकड, यांत फरक पडतो तो येथें. बांधलेल्या बोकडाचें मटण झटपट शिजतें हें त्याचें कौतुक म्हणून सांगितलें जातें. आमच्या मतें तो त्याचा दोष नव्हे, पण पांढऱ्या रश्श्यास जो जीव लागतो तो त्यांतून उतरत नाहीं.

आतां कृतीविषयीं. ही कृति आपल्या घरांतील वडील बायकांस आमच्यापेक्षां अधिक ठाऊक आहे. तथापि नव्या पिढीच्या घरांत ती लोपत चालली आहे, म्हणून लिहितों. पाय जाळावर भाजून केस पूर्ण काढावेत, खूर गरम पाण्यांत धरून उपटावेत, आणि सुरीनें कातडी खरवडून पांढरी करावी. मेंढराच्या दोन खुरांच्या मध्यें केसांची एक लहानशी गांठ असते, ती न चुकतां कापून टाकावी. बोकडाच्या पायांत ती नसते. पायांना वास येतो अशी जी तक्रार असते, ती पुष्कळदां ही गांठ राहून गेल्यामुळें असते. मग कणीक व हळद चोळून दोन पाण्यांनीं धुवावेत. भांड्यांत गार पाण्यांतच पाय घालून हळूहळू तापवावें, वर येणारा फेस पळीनें काढावा, आणि तो थांबला म्हणजे कांदा, ठेचलेलें आलें-लसूण व हळद घालून जाळ ओढून घ्यावा. पुढें सहा ते आठ तास पाण्यावर एखाददुसरा बुडबुडा येईल एवढाच विस्तव. झाकणावर पाणी ठेवावें, आणि आंतलें पाणी आटलें कीं तेंच गरम पाणी आंत ओतावें. शेणीच्या विस्तवावर रात्रीं ठेवून दिलेलें भांडें सकाळीं तयार असतें. ज्यांच्या घरीं आतां चूल उरली नाहीं त्यांनीं कुकरांत पाऊण तास शिजविल्यास पाय मऊ होतात, हें कबूल केलें पाहिजे. मात्र शिट्टीमागून शिट्टी न होऊं देतां बारीक जाळ ठेवावा.

ह्या अळणी पाण्याचे पुढें दोन्ही रस्से होतात. खसखस, तीळ, काजू वाटून व ओल्या नारळाचें दूध घालून पांढरा. सुकें खोबरें आणि घरची कांदा-लसूण चटणी घालून तांबडा. नारळाचें दूध घातल्यावर उकळी फुटूं देऊं नये, नाहीं तर तें फाटतें. ज्या घरांत तांबड्या रश्श्यावरील तेलाचा तवंग हाच पाककौशल्याचा पुरावा समजला जातो, त्या घरांतील मंडळींनीं एकदां पायांच्या अळणी पाण्याची नुसती वाटी मीठ व मिरपूड घालून पिऊन पाहावी.

येथें एक इशारा देणें जरूर वाटतें. हाड मोडलें, बाळंतीण अशक्त झाली, गुडघे दुखूं लागले, कीं पायांचें पाणी द्यावें, ह्यावर आपल्या लोकांचा मोठा भरंवसा. अन्न म्हणून तें चांगलें; आजाऱ्यास रुचतें आणि पोटांत राहतें. पण हाडें उकळलीं म्हणून हाडांतला चुना पाण्यांत उतरतो ही समजूत खरी नव्हे. तो फार थोडा उतरतो. १०० ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, आणि घरच्या म्हशीच्या दुधांतही तें भरपूर मिळतें. तेव्हां मोडल्या हाडास नाचणीची भाकरी व दूध आधीं, पाय मागाहून. तसेंच हिरव्या चाऱ्यावरच्या जनावराच्या चरबींत ओमेगा-३ जातीचे स्निग्ध पदार्थ धान्यावरच्या जनावरापेक्षां अधिक असतात हें खरें, परंतु तें प्रमाण मुळांतच अल्प. त्यासाठीं कोणीं मटण खाऊं नये. जवसाची चटणी स्वस्त पडते. वातरक्ताचा विकार असलेल्यांनीं तर ह्या वाटेस न गेलेलें बरें. चरणीचें बकरें चांगलें असें आम्ही म्हणतों तें औषध म्हणून नव्हे. तें चवीला चांगलें, आणि मुख्य म्हणजे आपल्या जमिनीला चांगलें, म्हणून म्हणतों.

चरणीचें मटण ओळखावें कसें, हेंही पुष्कळजण विचारतात. परदेशीं गाईबैलांच्या मांसांत पिवळसर चरबी ही कुरणाची खूण मानतात, आणि तें वाचून आपल्याकडेही कोणी कोणी पिवळी चरबी शोधूं लागले आहेत. बकरें आणि बोकड यांचें शरीर गवतांतील पिवळा रंग पचवून टाकतें. त्यांची चरबी हिरव्या चाऱ्यावरही सहसा पांढरीच राहते. मांसाचा रंग अधिक तांबडा असणें ही खूण त्यापेक्षां बरी, पण ती वयाचीही खूण आहे. खरी ओळख एकच, ती म्हणजे बकरें कोणाच्या कळपांतलें आहे हें माहीत असणें. आणि ही ओळख शहरांतल्या माणसास दुर्मिळ असली तरी आपणांस ती सहज मिळण्यासारखी आहे, कारण कळप आपल्याच रानांतून जातो.

जातो, कीं जात असे? दिवाळीनंतर खरिपाचीं रानें मोकळीं झालीं म्हणजे उगवतीकडील दुष्काळी भागांतले धनगर आपलीं बकरीं घेऊन येत, रानांत वाघरी ठोकून रात्रीं बकरीं बसवीत, आणि सकाळीं पुढें जात. शेतकरी त्यांस धान्य देई. पुढें रोख रक्कम देऊं लागला. ह्या बसविण्याचा हिशेब कोणीं मांडून पाहावा. लेंडीखतांत नत्र सुमारें ३ टक्के, स्फुरद १ टक्का व पालाश २ टक्के असतें. शेणखतांत नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास. शिवाय मूत्र जागच्या जागीं जमिनींत मुरतें, आणि गाडीभाडें, भरणें, विसकटणें हा खर्च मुळींच नाहीं. एवढेंच कीं, बकरीं उठल्यावर रान लगेच कुळवून घ्यावें, नाहीं तर नत्राचा बराच भाग उन्हानें उडून जातो. रासायनिक खताच्या पोत्यासाठीं रांगेंत उभा राहणारा शेतकरी बकरीं बसविण्यास आढेवेढे घेतो, हें आम्हांस कधींच उमगलें नाहीं.

एका गोष्टीचें नवल तर फार वाटतें. भुदरगड तालुक्यांतील आदमापूरचे संत बाळूमामा १९६६ सालीं समाधिस्थ झाले. त्यांच्या नांवचीं बकरीं आजही बग्ग्याबग्ग्यानें गांवोगांव फिरतात. तीं आपल्या रानांत बसावींत म्हणून लोक वाट पाहतात, नैवेद्य करतात, आणि उभ्या पिकांत शिरलीं तरी हात जोडतात. पट्टणकोडोलीस विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेंत भंडाऱ्यानें पिवळे होऊन आपण घरीं येतों. आणि त्यानंतर चार दिवसांनीं एखादा साधा धनगर आपला कळप घेऊन बांधाशीं आला, तर त्याजवर कुत्रें सोडतों. श्रद्धेबद्दल आमचें कांहींच म्हणणें नाहीं. पण लेंडी दोन्हीं कळपांची सारखीच असते.

शेतकऱ्याची बाजू नाहीं असें नव्हे. ऊस बारमाही झाला, रान रिकामें राहीनासें झालें. पंचगंगा, भोगावती, कुंभी, कासारी यांच्या कांठीं तर एका उसामागून दुसरा. कळप आला कीं कोवळ्या लावणींत तोंड घालतोच, बांधावरचीं नवीं रोपें खातो, आणि भांडण पोलिसांपर्यंत जातें. हें सर्व आम्ही जाणतों. पण ऊस तुटल्यावर पडलेला पाला व वाढे हेंही चरणें आहे, आणि आपण त्याला काडी लावतों. (नुसत्या वाढ्यांवर मात्र जनावर फार दिवस ठेवूं नये, त्यांतील ऑक्झालेटमुळें शरीरांतला चुना बांधला जाऊन वाया जातो.) बांधावरच्या गवताची तर आपण आणखीनच सोपी वाट लावली आहे. पूर्वीं तें विळ्यानें कापीत. आतां त्यावर तणनाशक मारतात. औषध मारलेल्या बांधावर फलक नाहीं, खूण नाहीं, आणि तेथें बकरें चरलें कीं दोष मात्र धनगराचा. मग तेंच बकरें बाजारांत जातें आणि तेथून आपल्या ताटांत येतें, इतका विचार औषध मारणारा करीत नाहीं.

आतां गायरानाकडे वळूं. ह्या विषयांत आमची हयात गेली, म्हणून थोडें सविस्तर लिहिण्याची परवानगी असावी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम २२ अन्वयें जिल्हाधिकाऱ्यास गांवच्या गुरांच्या मोफत चराईसाठीं सरकारी जमीन राखून ठेवतां येते. सात-बारावर तिची नोंद असते आणि गांवकऱ्यांस ती ठाऊक असते. सर्वोच्च न्यायालयानें २८ जानेवारी २०११ रोजीं जगपाल सिंग यांच्या प्रकरणांत गांवच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणें काढण्याविषयीं सर्व राज्यांस आदेश दिला, आणि त्यास अनुसरून आपल्या शासनानें १२ जुलै २०११ रोजीं निर्णय काढला. पुढें २०२२ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें आपण होऊन हा प्रश्न हातीं घेतला. म्हणजे कायद्याची, निकालांची व परिपत्रकांची वाण नाहीं.

वाण आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. गांव नमुना १-ई ही अतिक्रमणांची नोंदवही. आम्ही नोकरींत असतांना एका गांवची ही वही आमच्या हातीं आली. तींत भूमिहीनांच्या झोपड्यांची नोंद क्रमवार होती, कोणाच्या छपराची लांबी किती हें सुद्धां लिहिलें होतें. परंतु गायरानाला लागून असलेल्या बागायतदारांचीं नांवें त्यांत एकही नव्हतीं. प्रत्यक्ष मोजणींत मात्र गायरान कागदापेक्षां पुष्कळ कमी भरलें. झालें होतें असें कीं, दर वर्षीं नांगरटीच्या वेळीं एक-एक तास पुढें सरकत होतें. एका तासाची तक्रार कोण करणार? वीस वर्षांत वीस तास होतात, आणि नंतर त्यावर ऊस उभा राहिला म्हणजे तो काढण्याची भाषा करणारा गांवाचा वैरी ठरतो. ज्यास राहण्यास दुसरी जागा नाहीं त्याच्या झोपडीचा विचार निराळा व्हावा, आणि सरकारनें तो दयेनें करावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. पण ज्याच्या आठ-अ वर कित्येक एकर जमीन आहे त्यानें गायरानांत सरकविलेल्या तासास कोणतीच सबब नाहीं. हें वाचून कांहीं वाचकांस राग येईल. येवो.

सरकारनें २०१७ सालापासून राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेखालीं धनगर समाजांतील कुटुंबांस २० मेंढ्या व १ नर असा गट ७५ टक्के अनुदानावर देण्याचें ठरविलें. योजना चांगली. पण मेंढी मिळाली तरी ती चरणार कोठें? दख्खनी मेंढीच्या घोंगडीला आतां पूर्वींसारखें गिऱ्हाईक नाहीं, लोकरीचे पैसे कातरणीच्या मजुरीपुरतेही कित्येकदां होत नाहींत. कळप टिकतो तो मांसावर आणि खतावर. चरणें संपलें कीं धनगराचा मुलगा कळप विकून मोकळा होतो. मग आपणांस बाजारांतून जें येईल तें, ज्या दरानें येईल त्या दरानें, घ्यावें लागणार. कळप एकदां मोडला तर पुन्हां उभा राहत नाहीं, कारण वाट, पाणी, रोगाचीं लक्षणें, कोणत्या महिन्यांत कोणता माळ, हें सारें ज्ञान त्या मुलाबरोबर जातें.

म्हणून आमच्या सूचना अशा. आपल्या गांवच्या गायरानाची मोजणी मागणारा ठराव २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेंत आणावा, आणि तो भूमिहीनानें नव्हे तर एखाद्या मोठ्या खातेदारानें मांडावा. म्हणजे त्यास वजन येईल. मोजणी होऊन हद्दीचे दगड बसले कीं निम्मा भाग एक वर्षाआड बंद ठेवून गवत धरूं द्यावें, नाहीं तर उघडें राहिलेलें गायरान दोन वर्षांत उजाड होतें; त्याचा दोष कळपास देतां येणार नाहीं. कोणत्या शेतकऱ्याचें रान कोणत्या तारखेस मोकळें होणार याची यादी संघाच्या कचेरींत दसऱ्यापूर्वीं तयार असावी, व ती धनगराच्या हातीं द्यावी. आज तो अंदाजानें येतो, म्हणून तंटा होतो. औषध मारलेल्या बांधावर काठीला लाल चिंधी बांधण्याची शिस्त प्रत्येकानें लावून घ्यावी. तीस खर्च कांहींच नाहीं.

आणि मटणासंबंधीं असें कीं, बेंदूर, दसरा, जत्रा ह्या प्रसंगीं चार-सहा घरांनीं मिळून कळपांतलेंच बकरें दलालाविना, धनगराशीं समोरासमोर बोलून घ्यावें आणि पूर्वींप्रमाणें वाटे घालावेत. धनगरास दोन पैसे अधिक मिळतील व आपणांस बकऱ्याचें कुळशील कळेल. वाटे घालतांना मुंडी व पाय कोणास नकोत म्हणून बाजूस टाकले जातात, किंवा ज्याचा आवाज मोठा तो घेऊन जातो. तसें न करितां ते पाळीनें एकेका घरीं द्यावेत, आणि पहिली पाळी ज्या घरीं अजून चूल पेटते त्या घराची असावी.